चाचांचं माप

चाचांचे माझ्याकडे 185 रुपये होते. ते मी फेडले. पहिला पगार हातात आला त्याच आठवड्यात दोनशे रुपये घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी गल्ल्याखालची वही काढली, बोट फिरवत माझ्या नावाचं पान शोधलं, पंधरा रुपये परत माझ्या हातात ठेवले आणि पानावर आडवी रेघ ओढून म्हणाले, "हिसाब पूरो." व्यवहार म्हणून त्या रेघेपलीकडे आमच्यात काही उरलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऋणाबद्दल लिहायला बसलं की माणूस पैशापासून सुरुवात करतो आणि पैशातच गुंतून पडतो. मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते त्या वहीत कधी चढलंच नव्हतं.

हे सगळं आत्ता वर यायला एका सहलीचं निमित्त झालं. माझी मुलगी कॅनडात, विनिपेगला असते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत, आणि या खेपेला आजोबांबरोबर मासे पकडायला जायचं असं नातवंडांनी परस्पर जाहीर करून टाकलं आहे. मॅनिटोबा प्रांतात तळ्यांना तोटा नाही. गाडी, तंबू आणि बोट जावई बघणार, खाण्यापिण्याचं मुलगी बघणार आणि मासेमारीची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे, कारण घरात गळ हातात धरलेला मी एकटाच. म्हणून गेले काही आठवडे मी मांजलपुरातल्या घराच्या गॅलरीत बसून गवताळ प्रदेशातल्या तळ्यांची माहिती काढतो आहे, याद्या करतो आहे. प्रत्येक कलम लिहिताना लक्षात येतं की हे मला चाचांनी शिकवलं. त्यांनी मॅनिटोबाचं नावही ऐकलेलं नसणार.

चाचांचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, कडुलिंबाखालची पत्र्याची टपरीच. तेव्हाचं मांजलपूर म्हणजे बडोद्याच्या दक्षिणेचं एक गाव, आणि गावाला लागून शेतजमिनीत एकेक करत उभ्या राहणाऱ्या सोसायट्या. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जाणारे कामगार सकाळ-संध्याकाळ सायकलींवरून या रस्त्याने जायचे. त्यामुळे चाचांना पंक्चरचं आणि ओव्हरहॉलिंगचं काम दिवसभर असे. आम्हा मुलांसाठी भाड्याच्या तीन-चार सायकलीही असत. त्यांचं बोलणं कमी. एखाद्याने सायकल परत आणायला उशीर केला तर ओरडत नसत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पण तेवढ्या वेळाचे पैसे मात्र घेत, आणि एखादा लवकर परत आला तर त्याचे उरलेले पैसे परतही देत. हे दोन्ही करणारा दुकानदार मला पुढे फारसा भेटला नाही.

आमचं घर मासे खाणारं. आजोबा रत्नागिरीकडचे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरी मिळते म्हणून ते बडोद्याला आले आणि इथलेच झाले. आजी मात्र मनाने शेवटपर्यंत समुद्राकाठीच राहिली. गोड्या पाण्यातल्या माशाला ती मासाच मानायची नाही. "चिखल खातो तो, चिखलाचाच वास येणार," म्हणायची, आणि तरी रोहू घरात आला की त्याला हळद-मीठ चोळून, चिंचेच्या कोळात ठेवून त्याचा तो वास घालवायचीही तीच. शेजारीपाजारी सगळे शाकाहारी. त्यामुळे मासे तळायचे तर रस्त्याकडच्या खिडक्या लावून. कोणी कधी बोललं नाही, पण खिडक्या लावायच्या हे आम्हा मुलांना न सांगता कळत होतं. रविवारी सकाळी मी चाचांबरोबर कुठे जातो हे शेजाऱ्यांना माहीत होतं. तेही त्यांनी कधी विचारलं नाही.

रविवारी दुकान बंद. चाचा, त्यांचा मुलगा, मी आणि कधी गल्लीतला आणखी एखादा पोरगा, असे आम्ही प्रतापनगर स्टेशनवर जायचो आणि डभोईची छोटी गाडी पकडायचो. बडोदा संस्थानाने 1862 साली डभोई ते मियागाम हा छोट्या रुळांचा मार्ग टाकला तेव्हा त्यावर गाड्या ओढायला बैल होते, ही गोष्ट मला चाचांनी त्याच गाडीत सांगितली आणि मी ती पुष्कळ वर्षं थाप समजत होतो. मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरून शेतातून चालत एका गावतळ्यावर जायचं. चाचांची पिशवी सायकलच्या दुकानातूनच भरलेली असे. दोऱ्याला वजन म्हणून जुने नट, काठीला कड्या म्हणून वाकवलेले स्पोक, तरंगत्या दांडीला दोऱ्यावर अडकवून ठेवायला व्हॉल्व्ह ट्यूबचा इवलासा तुकडा. ती दांडी मोराच्या पिसाची. पावसाळा सरता सरता मोर पिसं टाकतात, तेव्हा वर्षभराच्या दांड्या ते शेतांतून गोळा करून ठेवायचे. आमिष म्हणजे कणीक, भाजलेल्या चण्याचं पीठ आणि हिंग. हिंग किती घालायचं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. तेवढं एक गुपित त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

तळ्यावर पोहोचल्यावर गळ टाकायचा नाही. आधी इजारदाराकडे जायचं. गावतळ्यातल्या माशांचा इजारा कोणीतरी घेतलेला असतो. त्याला ठरलेले पैसे द्यायचे, किती काठ्या टाकणार ते सांगायचं, मग काठावर बसायचं. एकदा इजारदार घरी नव्हता. तळं रिकामं, सकाळची वेळ, मासा वर येऊन तोंड उघडत होता. आम्ही मुलं अधीर झालो. चाचा बांधावर बसले आणि म्हणाले, "पहेलां रजा, पछी गल." आधी परवानगी, मग गळ. इजारदार दुपारी आला. तोवर आम्ही नुसतं पाणी बघत बसलो होतो.

तेव्हा मला ते दुराग्रहाचं वाटलं होतं. तळ्यातला मासा काय कुणाच्या बापाचा, असं वाटायचं. त्यातला अर्थ मोठेपणी वाचनातून कळला. रोहू, कटला, मृगळ या माशांची तळ्याच्या स्थिर पाण्यात आपोआप पैदास होत नाही. ते पावसाळ्यात नदीच्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. गावतळ्यात जो मासा असतो तो कुणीतरी बीज आणून सोडलेला असतो. पूर्वी ते बीज नदीतून धरून आणावं लागे. 1957 साली ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी यांनी माशांना इंजेक्शन देऊन तळ्याच्या पाण्यात अंडी घालायला लावण्याची पद्धत यशस्वी केली, आणि त्यानंतर हे बीज देशभर सहज मिळू लागलं. म्हणजे आम्ही ज्या माशाला रानातला समजत होतो तो कुणाच्या तरी पैशाचा आणि कुणाच्या तरी अभ्यासाचा होता. चाचांना यातलं संशोधन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. इजारदाराचा खर्च मात्र ठाऊक होता.

कुठे गळ टाकायचा नाही याची त्यांची यादी मोठी होती. आजव्याला एकदा आम्ही हट्टाने गेलो. सयाजीराव तिसऱ्यांनी शहराला पाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतलेलं हे सरोवर. बांधावर उभं राहिलं की दुसरा काठ नीट दिसत नाही. मी पिशवीत हात घातला तर चाचांनी हात धरला. "आ तो आखा शहेरनुं पीवानुं पाणी छे." वढवाणाला हिवाळ्यात जायचो ते फक्त पक्षी बघायला. ते तळंही सयाजीरावांच्याच काळातलं, ओरसंग नदीचं पाणी वळवून सिंचनासाठी भरलेलं. 2021 साली रामसर स्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी वाचून मला चाचाच आठवले. राजहंसांचे थवे उतरताना ते टोपी काढून बघत बसायचे. विश्वामित्री नदीच्या जवळ मुलांना फिरकूही देत नसत, मगरींमुळे. आणि ज्या घाटावर अमावास्येला, एकादशीला लोक माशांना पिठाच्या गोळ्या घालतात तिथे तर नाहीच नाही. "जे पुण्य म्हणून खायला घातलं, ते खाऊन विश्वासाने जवळ आलेल्या माशाला पकडायचं?" हे त्यांनी गुजरातीत विचारलं होतं, पण मला आज ते मराठीतच आठवतं. आमिष तेच, कणकेचं. फरक फक्त आत गळ आहे की नाही एवढाच, आणि तो फरक त्यांना फार मोठा वाटायचा.

गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो. मासा लागला की तो सुटू नये म्हणून. चाचा नवीन गळ आणले की आधी दुकानातल्या कानशीने तो काटा घासून सपाट करायचे. आम्ही विचारलं, की मग मासा निसटणार नाही का? म्हणाले, दोरा ढिला सोडलास तर निसटेल, ताठ ठेवलास तर नाही निसटणार. ती तुझी मेहनत, गळाची नव्हे. शिवाय पोरांच्या बोटात गळ शिरला तर सरळ बाहेर येतो, आणि लहान मासा परत सोडायचा तर त्याचं तोंड फाटत नाही. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात जायचा. वीत कुणाची, यावर आमच्यात भांडणं व्हायची. ज्याचा हात सर्वात मोठा, त्याची वीत, असा त्यांचा निकाल असे. म्हणजे त्यांचीच.

आषाढ लागला की पिशवी खुंटीवर. पोटात अंडी असलेला मासा धरायचा नाही, असं ते म्हणायचे. आमच्याकडे श्रावणात मासे बंद, त्यांच्याकडे पावसाळाभर बंद. आजीला हे कळल्यावर ती पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बरं बोलली. "नेमाचा माणूस आहे," म्हणाली. तिच्याकडून मिळणारी ही मोठी पदवी होती.

1973च्या शेवटी वडील आजारी पडले आणि बरेच महिने अंथरुणाला खिळले. त्यांचा कारखाना खाजगी. सुरुवातीला अर्धा पगार, मग तोही नाही. त्याच हिवाळ्यात गुजरातेत महागाईने कळस गाठला. अहमदाबादच्या कॉलेजांतल्या मेसच्या बिलांवरून पेटलेलं नवनिर्माण आंदोलन बडोद्यातही आलं, कॉलेजं बंद पडली, रस्त्यांवर संचारबंदी लागली. फेब्रुवारी 1974 मध्ये चिमणभाई पटेलांचं सरकार गेलं, पण तेलाचा डबा काही स्वस्त झाला नाही. आईने शिवणकाम घेतलं. मी मॅट्रिकनंतर शिकायचं की कामाला लागायचं, यावर घरात हळू आवाजात बोलणी व्हायची आणि मी आलो की थांबायची.

त्या दिवसांत रविवारचे मासे वाटण्याची चाचांची पद्धत बदलली. पूर्वी ज्याने पकडला त्याचा मासा. आता सगळे मासे एकत्र ठेवून घरांत माणसं किती, त्या हिशेबाने वाटे. आमच्या घरात आजी, आई, वडील, मी आणि दोन बहिणी, म्हणून आमचा वाटा मोठा. मला एकही मासा लागला नाही त्या रविवारीही मी भरल्या हाताने घरी आलो. चाचांनी कधी "वडील कसे आहेत" याच्या पलीकडे विचारलं नाही आणि आईनेही कधी त्यांच्या घरी निरोप पाठवून आभार मानले नाहीत. तिने एवढंच केलं की ईदच्या आधी त्यांच्या बायकोचे कपडे शिवले आणि त्याची शिलाई घेतली नाही. चाचांनी ती शिलाई दुसऱ्या दिवशी माझ्या हाती पाठवून दिली. "कामाचे पैसे कामाचेच," असा निरोप होता. आई चिडली. मग हसली आणि पैसे ठेवून घेतले. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या दोघांनी एकमेकांना जे समजून घेतलं ते याच एका घटनेत.

पुढे मला कलाभवनात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कलाभवन 1890 साली सयाजीरावांनी सुरू केलेलं, आणि आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेचं घर. आमच्या घरात तो प्रवेश म्हणजे सोहळा होता आणि संकटही. मांजलपुराहून रोज जायचं कसं? बसचा पास परवडत नव्हता. एका संध्याकाळी चाचांनी मला दुकानात बोलावलं. एक सायकल उभी होती. सांगाडा एका जुन्या हर्क्युलिसचा, चाकं दुसरीची, हँडल तिसरीचं, रंग स्वतः दिलेला काळा. "185," ते म्हणाले. मी गप्प. "नोकरी लागल्यावर." आणि माझ्यासमोर वहीत लिहिलं.

ती वही हेच त्यांचं मोठेपण होतं, असं मला आता पक्कं वाटतं. सायकल त्यांनी भेट म्हणून दिली असती तर आम्ही नाही म्हणू शकलो नसतो, पण मी ती चालवताना मान खाली घालून चालवली असती. त्यांनी किंमत लावली, उधारी लिहिली आणि मला ग्राहक केलं. त्या सायकलवर मी चार वर्षं कॉलेजला गेलो. दुकानावरून जाताना ते वहीकडे कधी बघत नसत, माझ्या चाकांतल्या हवेकडे बघत. हवा कमी दिसली की थांबवून भरायचे. त्याचे मात्र पैसे घेत नसत, कारण हवा मोफत, असा सगळ्यांसाठीच दुकानाचा नियम होता.

2002च्या दंगलींनंतर चाचांनी मांजलपूर सोडलं. काय घडलं होतं ते बडोद्यात राहिलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. दुकान तांदळज्याला गेलं. तोवर ते थकले होते. दुकान मुलगा बघायचा, ते खुर्चीत बसायचे. दिवाळीचा फराळ घेऊन मी जायचो, ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा. आमच्या बोलण्यात मांजलपूर यायचं ते कडुलिंबापुरतं. झाड आहे का अजून, विचारायचे. मी आहे म्हणायचो, आणि ते खरंही होतं. अंथरुणाला खिळल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मुलाला सांगितलं, "आनो हिसाब पूरो छे." याचा हिशेब पुरा आहे. मरणाऱ्या माणसाने आपल्या वारसासमोर दिलेली ती पावती होती. मी त्यावर काही बोललो नाही.

आता मॅनिटोबाकडे येतो.

तिथे जायचं ठरलं आहे ते तळं विनिपेगच्या वायव्येला, गाडीने चार-साडेचार तासांवर, सस्कॅचेवानच्या सीमेला लागून आहे. नावच लेक ऑफ द प्रेअरीज. खरं तर ते नैसर्गिक तळं नाहीच. असिनिबॉइन नदीला येणाऱ्या पुरांपासून खालची गावं आणि विनिपेग शहर वाचावं म्हणून शेलमाउथ इथे धरण बांधलं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरं झालं आणि नदीच्या खोऱ्यात लांबच लांब पाणी साठलं. हिवाळ्यात त्यातलं पाणी मुद्दाम कमी करतात, वसंतात वितळणाऱ्या बर्फाला जागा हवी म्हणून. आजव्याचं वाचलेलं असल्यामुळे हे मला परकं वाटलं नाही. सपाट मुलखात पाणी हवं किंवा आवरायचं, तर माणसाला बांध घालावाच लागतो. विनिपेग लेकला जावं असं मुलीच्या मनात होतं, पण ते सुमारे 24,500 चौरस किलोमीटरचं पाणी. हिमयुगाच्या अखेरीस तिथे पसरलेल्या अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा उरलेला तुकडा. उथळ असल्यामुळे वारा सुटला की तिथे लाटा फार लवकर उठतात. लहान मुलांना घेऊन जायला मी नको म्हटलं.

यादीतलं पहिलं कलम परवाना. मासेमारीचा परवाना प्रांताचं सरकार देतं, तो ऑनलाइन निघतो आणि परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा असतो. त्या पैशातला काही भाग तळ्यांत मासे सोडायला आणि तळी सांभाळायला जातो. म्हणजे इजारदार आहेच, फक्त तो सरकार आहे.

दुसरं कलम वाचताना मी खुर्चीतून उठलो. मॅनिटोबात उलटा काटा असलेला गळ वापरायला कायद्याने बंदी आहे. काटा नसलेला गळ विकत घ्या किंवा असलेल्याचा काटा पकडीने दाबून सपाट करा. 1990च्या सुमारास हा नियम आला. त्याच्याही दीड दशक आधी मांजलपूरच्या टपरीत कानस चालत होती. मी मुलीला फोन करून सांगितलं, तर तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिच्यासाठी तो नियम आहे. मला तो ओळखीचा आवाज वाटला.

मासे अंडी घालतात त्या वसंतात दक्षिण मॅनिटोबात वॉलायचा हंगाम बंद असतो आणि मे महिन्याच्या मध्याला उघडतो. वॉलाय हा तिथला मुख्य खाण्याचा मासा. तिथली माणसं त्याला पिकरेल म्हणतात. काटे कमी, चव सौम्य. मुलगी त्याचे तुकडे रव्यात घोळवून तळते. चाचांच्या आषाढासारखंच हेही, फक्त महिने वेगळे. एका बाबतीत मात्र तिथला नियम त्यांच्या उलट आहे. ठरावीक लांबीपेक्षा मोठा मासा परत सोडावा लागतो, कारण मोठी मादी कितीतरी जास्त अंडी घालते. चाचा लहान सोडायचे, मोठा ठेवायचे. हे त्यांना सांगितलं असतं तर ते वाद घालत बसले नसते. त्यांनी हिशेब मांडून पाहिला असता आणि पटलं तर पद्धत बदलली असती.

काही कलमं त्यांच्या काळात नव्हतीच. 2013 साली विनिपेग लेकमध्ये झेब्रा शिंपले सापडले. बोटीच्या तळाला चिकटून किंवा बोटीत राहिलेल्या पाण्यातून ते एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथलं पाणी, तिथले मासे यांची घडी विस्कटून टाकतात. म्हणून बोट पाण्यातून काढली की स्वच्छ करा, पाणी काढून टाका, वाळवा. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, कारण बोट भाड्याची आहे.

आणि लाइफ जॅकेट. बोटीतल्या प्रत्येक माणसासाठी त्याच्या मापाचं जॅकेट बोटीत असलंच पाहिजे, असा कॅनडाचा कायदा आहे. मी तेवढ्यावर थांबलो नाही. बोटीत पाय ठेवण्याआधी ते अंगात घालून बंद केलेलं असलं पाहिजे, असं लिहिलं. 18 जानेवारी 2024 रोजी आमच्याच बडोद्यात, हरणीच्या मोटनाथ तळ्यावर शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तळं लहान आहे, काठ जवळ आहे, हा विचार माझ्या शहराला फार महाग पडला. जावयांनी विचारलं, "पप्पा, किनाऱ्याजवळच राहायचंय ना आपल्याला?" मी म्हटलं, हो, तरीही.

जावई नडियादचे, जन्माने शाकाहारी. मुलगी सगळं खाते. माझी बायको देशावरची, मासे करून वाढेल पण खाणार नाही. डाकोरला गेली की गोमती तलावावर माशांना न चुकता पीठ घालते. अशा कुटुंबाने मासेमारीला जायचं म्हणजे वाद होणारच. तो व्हिडिओ कॉलवर रंगला. जावयांचं म्हणणं, पकडू आणि लगेच सोडून देऊ. तिथे पुष्कळ लोक तसंच करतात. ओल्या हाताने धरलं, पाण्याबाहेर फार वेळ ठेवलं नाही आणि गळाला काटा नसला, तर बहुतेक मासे जगतात. हे सगळं खरं आहे. पण मला चाचांचं एक वाक्य आडवं आलं. "खावुं ना होय तो पकडवुं शुं काम?" खायचं नाही तर पकडायचं कशाला? एखाद्याच्या तोंडात गळ अडकवून, त्याला ओढून, फोटो काढून परत सोडण्यात त्यांना दया दिसली नसती. त्यांच्या लेखी भूक हे कारण होतं, मौज हे नव्हतं.

बराच वेळ झाल्यावर नातीने तोडगा काढला. तिने विचारलं, किती जण खाणार? मोजले तर चार. मग चार जणांना एका वेळी पुरतील एवढेच पकडायचे आणि काठ्या आत ठेवायच्या. नियमाने जे सोडायचे ते अर्थात सोडायचे. जावई जाळीची पिशवी धरणार, आजी थेपले आणि छुंदा आणणार. नातवाला हे कमी वाटलं. त्याला सर्वात मोठा मासा हवा आहे. त्याला मी सांगितलं की सर्वात मोठा मासा तिथे सरकारच ठेवू देत नाही. तो सरकारवर रागावला, माझ्यावर नाही.

माणसं मोजून वाटा ठरवणं हे त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. मी तरी तिला आमच्या रविवारच्या वाट्यांची गोष्ट तोवर सांगितलेली नव्हती. त्या दिवशी सांगितली. "ते आपले कोण?" तिने विचारलं. नातं सांगायला गेलो तर एकही शब्द लागू पडेना. मी म्हटलं, मी त्यांचं गिऱ्हाईक. ते त्यांना आवडलं असतं.

गेल्या आठवड्यात तांदळज्याला गेलो होतो. चाचांचा मुलगा आता माझ्याएवढाच पांढरा झाला आहे. दुकानात इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त होतात. तो स्वतः गळ कधीच विसरून गेला, दुकानातून फुरसत मिळत नाही म्हणाला. त्याला मी मॅनिटोबाची सगळी योजना ऐकवली. तळं, धरण, काटा नसलेले गळ, बर्फ, डास, चार जणांचं जेवण. तो स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"त्यांनो इजारदार कोण?"

"सरकार," मी म्हटलं.

"पैसा भरी दीधा?"

"तिथे पोहोचल्यावर भरणार आहे. मोबाइलवर होतं."

"पहोंचीने नहीं," तो म्हणाला, "पहेलां भरजो," आणि पुन्हा स्कूटरकडे वळला.

त्याच रात्री बसून मी आमचे परवाने काढले.